खापरापुढची बाई

चक्कर यायच्या आधी मला ओळख पटायची. एखाद्या जागी मी आयुष्यात पहिल्यांदाच उभी असायची आणि आतून वाटायचं, अगं, इथं तू आलेली आहेस. ही भिंत, हे तिरपं ऊन, हे सगळं एकदा झालेलं आहे. ते इतकं गोड वाटायचं की मी तिकडे झुकायची, आणि मग पायाखालची जमीन हळूच सरकायची.

लग्न होऊन पहूरहून धुळ्याकडे निघालो तेव्हा चाळीसगावला गाडी बदलायची होती. चाळीसगाव मी कधी पाहिलेलं नव्हतं. फलाटावर एक बाई पाठमोरी बसून माठावर ओलं फडकं गुंडाळत होती. भिजल्या मातीचा वास आला आणि मला वाटलं, ही आता वळणार आणि मला जवळ बोलावणार. पुढचं आठवतं ते एवढंच, की मला बाकावर बसवलं होतं आणि कोणीतरी पदराने वारा घालत होतं. उपाशीपोटी झालं असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. नव्या नवरीला एवढी सूट मिळते.

सासर धुळ्यापासून बैलगाडीने तासाभरावर. सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. अक्का फटकळ होत्या, पण मांडे करावेत तर त्यांनीच. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत वाढवायचा, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. आमच्या पहूरच्या घरी मांडे कधी झाले नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावभर खापरं तापायची आणि आमच्याकडे मात्र तव्यावरच्या पोळ्या. मला वाढवलं काकूने. आई मी नीट बोलायला लागायच्या आधीच तापात गेली, एवढंच आबांनी, माझ्या वडिलांनी, मला सांगितलेलं. मांडे होत नाहीत ते काकूच्या आळसामुळे, असं मी धरून चालले होते, आणि त्यावरून तिला बोलायलाही कमी केलं नव्हतं.

होळीला अक्कांनी मला पहिल्यांदा खापरापुढे बसवलं. पीठ हातावर घेतलं, धग तोंडावर आली, आणि ओळख पटली. शेजारी कोणाच्या तरी बांगड्या वाजत होत्या. ती वळणार, एवढ्यात मांडा चुलीत गेला आणि मी आडवी झाले. अक्कांनी कांदा फोडून माझ्या नाकाशी धरला. संध्याकाळपर्यंत पोरीला फेफरं आहे हे आळीभर झालं.

अक्का आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी मला शांतपणे सांगितलं, की सोयरीक करताना आम्हाला हे कोणी बोललं नाही. आखाजीला तुझे आबा न्यायला येतील. तोवर पुन्हा असं झालं, तर जा, पण परत यायचं नाही. मला ते घर आवडायला लागलं होतं. मी जीव मुठीत धरून राहिले, दळणाला आपण होऊन बसले, खापराच्या वाऱ्याला उभी राहिले नाही.

आबा दोन दिवस आधी यायचे होते, ते आखाजीच्या सकाळीच पोचले. आमच्याकडे त्या दिवशी वाडवडिलांची घागर भरतात. नवी घागर, वर डांगर म्हणजे खरबूज, आणि तिला मांड्यांचा नैवेद्य. घागर त्या घरच्या पितरांचीच; सुनेच्या माहेरच्या गेलेल्या माणसांची घागर तिथं भरत नाहीत. मांडे पुष्कळ करायचे होते, अक्कांचे हात दोनच. त्यांनी मला बोलावलं, आणि नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्याच मांड्याला घर सरकलं. डोळे उघडले तेव्हा डोकं अक्कांच्या मांडीवर होतं, आणि या वेळी त्यांच्या हातात कांदा नव्हता.

"काय दखास तुले?" त्यांनी विचारलं.

सगळं संपलंच होतं, म्हणून मी खरं ते सांगितलं. दिसत काही नाही. एक बाई असते, पाठमोरी. ती वळायच्या आत मी पडते.

दारात आबा पाय धुवायचे थांबले होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"तिची माय खापरापुढेच गेली," ते म्हणाले. "आखाजीलेच. हे पोर तिच्या पाठीशी बसेल व्हतं."

त्या दिवसापासून त्यांनीच घरात खापर चढू दिलं नव्हतं. मला काकूची आठवण येऊन मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अक्का उठल्या. माझं गाठोडं त्यांनी आदल्या दिवशीच बांधलं होतं, सगळ्या लुगड्यांसकट. ते सोडलं, तीन लुगडी काढून परत खुंटीवर टाकली. आठ दिवसांना एवढी कशाला लागतात, असं पुटपुटल्या. मग उन्हाळ्यासाठी आणलेला कोरा माठ देवघरापुढच्या घागरीशेजारी ठेवला. डांगर एकच होतं, म्हणून त्यावर आंबा ठेवला.

"हाई तुनी मायनी शे," त्या म्हणाल्या. "आते पानी तूच वत."

मी पाणी ओतलं. कोरी माती भिजली, तोच वास आला, आणि मी उभीच राहिले.

त्यानंतर मला कधी चक्कर आली नाही. चाळीसगावच्या फलाटाचं कोडं मात्र सुटलं नाही. तिथं कुठलं खापर होतं? सगळे म्हणाले, बरं झालं. वर्षभर मलाही तसंच वाटलं. आता अक्का नाहीत, मांडे मीच करते, आणि दर आखाजीला पहिला मांडा खापरावर सोडला की जरा थांबते. धग लागते, वास येतो, बांगड्या वाजतात, पण त्या माझ्याच असतात. मी बरी झाले आणि माझी आई दुसऱ्यांदा गेली.