ताईच्या जागेवर लावलेला रेडिओ

माझ्या साडूंनी एखादी वस्तू उघडून पुन्हा बंद केली आणि हातात एकही स्क्रू उरला नाही, असं आजवर घडलेलं नाही. उरलेल्या स्क्रूचं त्यांना वाईट वाटत नाही, उलट कंपनीची लबाडी पकडल्याच्या थाटात ते विचारतात, "एवढं लागतं कशाला?" दिल्लीतल्या घरातला त्यांचा सगळा संसार या एका प्रश्नावर चाललेला. चार पात्यांचा पंखा दोनच पात्यांवर फिरतो, घड्याळाला तासकाटा तेवढा पुरतो आणि चहातून त्यांनी आधी आलं काढलं, मग साखर. पुढे दूधही जाणार होतं, पण माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमची ताई, आडवी आली.

अशा माणसाने ताईच्या साठीला घरी बनवलेला एफएम रेडिओ द्यायचं जाहीर केलं, तेव्हा आम्ही हादरलो. दुपारी पाय पसरून जुनी गाणी ऐकावीत, एवढीच तिची हौस. लाल किल्ल्यासमोरच्या बाजारात दुकानदार म्हणाला, "अंकलजी, पूरा किट ले जाओ." साडू म्हणाले, "इतना लगता किसको है?" आणि एक ट्रान्झिस्टर अन् चिमूटभर किरकोळ माल घेऊन घरी आले. पेन्सिलीवर तार गुंडाळून कॉइल केली, साबणाच्या डबीत सगळं बसवलं आणि ताई पोळ्या लाटत असताना ओट्यावरच्या फळीवर ठेवून पेचकसाने स्टेशन लावलं. डबी चक्क गायला लागली! ताईचे डोळे भरून आले. ते पुसायला ती बाजूला झाली आणि गाणं गायब, नुसती खरखर. ती परत ओट्याशी आली, गाणं हजर. अशा उघड्यावाघड्या रेडिओजवळ माणूस आला-गेला की स्टेशन सरकतं आणि साडूंनी ते नेमकं ताई जवळ असताना लावलेलं. आणखी दोन-चार भाग घातले असते तर भागलं असतं, पण ते त्यांच्या तत्त्वात बसेना.

"अगं, हलू नकोस!"

"म्हणजे साठीची भेट मी उभ्याने ऐकायची? पाय पसरून म्हटलं होतं मी!"

शेजारच्या सरदारणीने तर विचारलंच, "भाभीजी, आप एंटीना हो क्या?" ताई करवादली खरी, पण दुपारची भाजी ओट्याशीच उभी राहून चिरू लागली.

मागच्या हिवाळ्यात ती मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला गेली. मी सहज डोकावलो, तर साडू फळीसमोर स्टूल टाकून खरखर ऐकत बसलेले. त्यांनी मला तिच्या जागी उभं केलं, जरा वाकवलं, हातात लाटणंसुद्धा दिलं. खरखर काही जाईना.

"अहो, पेचकसाने थोडं फिरवा की. तुमच्यापुरतं लागेल."

"बिल्कुल नाही. मग ती आल्यावर तिला कसं लागेल?"

मला या माणसाची एकदम माया आली. त्यांनी चहा केला, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"काहीतरी कमी पडतंय हो."

मी साखरेचा डबा पुढे केला. फळीकडे बघत त्यांनी तो हळूच बाजूला सारला.

"साखर नाही," ते म्हणाले.