सूर धरणारी

"मेन काहून काढलं? मले इचारलं होतं तू?"

परसराम सनई उजेडाकडे धरून बघत होते. सातही भोकं मोकळी. मेणाचे खरवडलेले तुकडे ओसरीवर कागदात पडले होते आणि शेजारी हर्षाची साडीची पिन.

"इचारलं असतं तर नाही म्हटलं असतं तुम्ही, मामाजी," हर्षा सासऱ्यांना म्हणाली. "म्हनून नाही इचारलं."

"आयक! आयक तुह्या सुनेचं!"

पार्वताबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "माही कायची? सून आनली मी, तिले सनई देऊन बसवलं तुम्ही. हातातलं लाटनं काढून घेतलं तेव्हा मले इचारलं होतं?"

सनईला जोडीदार लागतो. एक सनई चाल वाजवते, दुसरी सगळा वेळ एकच सूर धरून बसते. त्या दुसरीची भोकं मेणाने बुजवलेली असतात, बोट चुकून सरकलं तरी सूर बदलू नये म्हणून. हर्षा चार वर्षांपासून ती दुसरी सनई धरत होती.

त्याआधी सूर धरणारा म्हातारा साथीदार वारला तेव्हा भंडाऱ्यातलंच एक लग्न दोन दिवसांवर आलं होतं. परसरामांनी मुलाला, विनोदला बसवून पाहिलं. तो चिखल्याला खाणीच्या कामगारांची गाडी चालवतो. अर्ध्या मिनिटात त्याचा दम संपला. चहा घेऊन आलेली हर्षा हसली. "हसतेस काय, तूच फुंक," सासरे चिडून म्हणाले. तिने फुंकली आणि पहिल्याच खेपेला सूर असा लांब धरला की ते चहा प्यायचं विसरले. त्या लग्नात तीच बसली. मग महिनाभर रोज सकाळी वाटीत पाणी आणि तोंडात पपईच्या पानाची पोकळ दांडी. नाकाने श्वास घ्यायचा, गालांतली हवा सोडत राहायचं, पाण्यातले बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. "काहीही झालं तरी सूर तुटू नये," ते बजावायचे. "छप्पर पडलं तरी." ती भात घालताना, धुणं भिजवताना गाल फुगवत राहायची. पार्वताबाई म्हणायच्या, "दातदुखी झाल्यावानी दिसते, माय."

तिला पुढचं शिकवलं मात्र कधीच नाही.

शिकवायचं कसं हे परसरामांना येत नव्हतं असं नाही. पुतण्याला, भुपेंद्रला, त्यांनीच तयार केलं होतं. त्याच्यासाठी ते जोड निवडायचे. जोड म्हणजे दोघांनी आळीपाळीने वाजवायची चाल: एक वाजवतो तेव्हा दुसरा त्याच्याखाली सूर धरतो, मग उलट. निवडण्याआधी ते दिवसभर गप्प असायचे. पोराला काय येत नाही, काय येऊ घातलंय, ते बघायचे. पहिल्या वर्षी राग भूप दिला, पाचच सूर, कुठे लपायला जागा नाही. मग दुर्गा, तेही पाचच, पण वेगळे. कान फुटावा म्हणून. सहाव्या वर्षी वधूच्या निरोपाची मोठी जोड दिली. ती वाजवून झाल्यावर ते "वा" म्हणाले. त्यानंतर सहा महिन्यांत भुपेंद्रने नागपुरात स्वतःची पार्टी काढली. भंडाऱ्यातलीही बरीच लग्नं त्याच्याकडे गेली. दिवाळीला तो एकदाही आला नाही.

तेव्हापासून जोडींची वही ट्रंकेत होती.

आता रविवारी आंधळगावला लग्न होतं. हर्षाच्या मामेबहिणीचं, रिताचं. मांडवात सगळं माहेर बसणार. मागच्या उन्हाळ्यात मोहाडीच्या एका लग्नात माहेरच्या बायकांनी तिला पाहिलं होतं आणि गावभर सांगितलं होतं: हर्षी सासऱ्याजवळ बसून नुसती 'पों' करते. तिच्या आईनेही फोनवर विचारलं होतं, "खरंच व, तेवढंच करतेस?" हर्षाला एक जोड हवी होती. एकच.

"एक देऊन टाका तिले," पार्वताबाई म्हणाल्या. "माहेरच्या मांडवात बसनार हाय पोरगी."

"अन् ती वाजवन तेव्हा सूर कोन धरन? मी?"

"भुपेंद्रचा धरत होते ना तुम्ही?"

परसरामांनी बायकोकडे पाहिलं. मग आत जाऊन वही आणली. पानं उलटली. हर्षा वाकून पाहत होती. भूप असलेलं पान आलं, गेलं. दुर्गाचं गेलं. शेवटच्या पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"निरोपाची घे."

"अजी, ती कायले?" पार्वताबाईंचा हात सुपात थांबला. "पहिल्यांदा वाजवून राहिली ती. भूप द्या ना."

"मेन काढाची अक्कल आहे, तर वाजवाची असनच. आली तर आंधळगावले वाजव. नाही आली तर पुन्हा नाव काढाचं नाही."

हर्षाने सनईच्या तोंडाची पत्ती ओठांत ओली केली. आधी परसरामांनी चाल वाजवली आणि तिने सूर धरला, नेहमीसारखा. मग त्यांनी डोळ्यांनी खूण केली आणि सूर स्वतःकडे घेतला.

तिने चाल उचलली. चार वर्षं ती चाल दोन हातांवरून तिच्या कानात पडत होती. बोटं कच्ची होती, एक जागा घसरली, पण चाल पुढे गेली. ओळ लांब होती, मुलगी उंबरठ्यावरून पुन्हा पुन्हा मागे वळते तशी. पार्वताबाईंनी सूप बाजूला ठेवलं. विनोद कामावरून आला होता, तो दारातच पिशवी धरून उभा राहिला.

आणि सूर हलला.

परसराम पासष्टीचे. चाल वाजवताना श्वासाला मध्ये मध्ये जागा मिळते. सुराला मिळत नाही. भुपेंद्र गेल्यापासून त्यांनी कोणाखाली सूर धरलाच नव्हता. त्यांचे गाल थरथरले, मानेची शीर फुगली आणि सूर तुटला.

त्या क्षणी हर्षाची बोटं आपोआप भोकांवर बसली. हातातली चाल टाकून तिने सूर धरला. सरळ, लांब, जराही न हलणारा. काही तुटलं होतं हे दारातल्या विनोदला कळलंही नाही.

परसराम खोकले. पाणी प्यायले. पंच्याने तोंड पुसायला त्यांना बराच वेळ लागला. सून त्यांच्याकडे पाहत होती, आणि भुपेंद्र गेल्यापासून "वा" म्हणण्यासारखं ओसरीवर पहिल्यांदा काही घडलं होतं.

"चाल सोडली तू," ते म्हणाले.

"मामाजी, तुमचा सूर..."

"चाल अर्ध्यात सोडली का नाही? तेवढं सांग."

हर्षा म्हणाली, "सोडली."

"मग झालं. मांडवात असं केलं तं लोक हसतीन. जोड देन्याजोगी तू अजून झाली नाहीस. सूरच धर."

"कोनं सोडलं अन् कोनं सांभाळलं, मले कान आहेत जी," पार्वताबाई म्हणाल्या.

"तुले काय समजते सनईतलं?"

"पंचेचाळीस वर्षं आयकून राहिली. तुमचा दम कुठं तुटते ते तुमच्या आंधी मले समजते."

परसरामांनी वही बंद केली. विनोद चपला काढत म्हणाला, "जाऊ दे ना, हर्षा. बाबा म्हनतात तं सूरच धर. तुह्या नाही, माह्या मामाघरचं लग्न आहे समज अन् बस. घरात कलकल नको."

"कलकल कोन करून राहिलं?" हर्षा म्हणाली.

तिने पत्ती काढली, पदराने पुसली, डबीत ठेवली. सनई सासऱ्यांच्या समोर चटईवर आडवी ठेवली. मग उठून सुपातले तांदूळ पातेल्यात ओतले आणि स्वयंपाकघराच्या दारातून, तिघांनाही ऐकू जाईल एवढ्याच आवाजात सांगितलं, "रविवारी मी आंधळगावले पाहुनी म्हनून जाईन. तुमच्यासंगं बसनार नाही. सूर धराले दुसरं कोनी पाहून घ्या."