नाव न घातलेल्या बाळंतिणी

फोनवर बोलताना इथे जपानात सगळे कमरेत वाकतात; सुप्रभाताई ताठ उभ्या राहत. समोर कोणीही पाहुणा असो, चहा बशीत ओतून पीत. सायकल हळू चालवत आणि घंटी जोरात वाजवत. गरोदर बाई दिसली की ओळखदेख नसताना तिच्या पायांकडे बघत, सूज आहे का म्हणून.

त्यांचे यजमान विश्वनाथराव मुंबईच्या बँकेतर्फे इथे आलेले. २०११च्या मोठ्या भूकंपात तोक्योजवळच्या उरायासुत, त्या राहत तिथे, जमिनीचा चिखल झाला, नळ कोरडे पडले, ओळखीतली कितीतरी मराठी मंडळी विमान पकडून परतली. ताई गेल्या नाहीत.

"जमीन हलली. मी कशाला हलू?"

ताईंच्या ओळखीतली मैत्रेयी तेव्हा तोक्योत जपानी साहित्य शिकत होती. ताईंना जपानी कळायचं सगळं, बोलता यायचं ते बाजारापुरतं. म्हणून अदबीने बोलायची वेळ आली की त्या मैत्रेयीला सोबत नेत.

त्या उन्हाळ्यात शेजारची जुई अडकली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिने पुण्यात नाव घातलं होतं आणि इथल्या हॉस्पिटलातलं काढून टाकलं होतं. आठव्या महिन्यात तिचं ब्लडप्रेशर चढलं आणि डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. नवरा सुयश कामासाठी नागोयाला. फोन कुठेही लावा, उत्तर एकच : नाव घातलेलं नाही, खाट नाही.

ताई ओनो-सान नावाच्या म्हाताऱ्या सुईणीकडे गेल्या. ओनो-सान म्हणाल्या, "आमच्या मुलीही बाळंतपणाला माहेरीच जातात. माझ्याकडे अशीच एक आहे, तिलाही खाट मिळत नाही. तिचं माहेर उत्तरेला होतं. त्सुनामीच्या लाटेने नेलं."

ताई उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ही एकट्या जुईची गोष्ट नाही. चला."

प्रांताच्या आरोग्य कार्यालयात हॉस्पिटलांच्या प्रमुखांची बैठक होती. सुईणींच्या वतीने ओनो-सानना बोलावणं होतं. त्यांनी ताई आणि मैत्रेयी, दोघींनाही आत नेलं. अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"आम्ही विचार करू," ते म्हणाले.

इथे याचा अर्थ 'नाही' असा असतो. ऐकणाऱ्याने आभार मानून उठायचं असतं. ओनो-सान उठल्या. मैत्रेयीही उठली. ताई बसून राहिल्या.

"करा विचार. आम्ही बसलोय."

मैत्रेयीने ते जपानीत जरा मऊ करून सांगितलं.

"पाणी घालू नकोस गं. कळतं मला."

तिने पुन्हा सांगितलं, जसंच्या तसं.

"विचार त्यांना, सगळेच नाही म्हणाले तर पोरींनी बाळंत कुठे व्हायचं? स्टेशनात?"

हेही मैत्रेयीने सांगितलं. ओनो-सान परत खुर्चीवर बसल्या. एका प्रमुखांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या प्रमुखांची दोन्ही मुलं ओनो-सानच्या हातून जन्मलेली.

"त्या भारतीय मुलीला माझ्याकडे पाठवा," ते म्हणाले.

"आणि उत्तरेकडची?" ताईंनी थेट जपानीत विचारलं.

"दोघींना पाठवा."

जुईला मुलगी झाली. पुढे त्यातूनच हॉस्पिटलांचा आपसात करार झाला. माहेर तुटलेल्या बाईला नाव घातलेलं नसलं तरी परत पाठवायचं नाही. आपल्याकडे खाट नसेल तर दुसरीकडची आपणच शोधून द्यायची. करारात जे नव्हते त्यांच्याकडे ताई ट्रेनने जात आणि सही होईपर्यंत भांडत.

"निघाली प्रांताची सासूबाई!" विश्वनाथराव चिडवत.

"सुनांना खाटा मिळू देत, मग होते मी माहेरवाशीण."

गेल्या महिन्यात ताई झोपेतच गेल्या. मैत्रेयीला 'ताई गेल्या' हे वाक्य अजून नीट म्हणता येत नाही.

प्रांताच्या दक्षिण टोकाला, मासेमारीच्या गावात, एक हॉस्पिटल अजून करारात नाही. तिथले प्रमुख म्हणतात, नवरा समोर उभा असल्याशिवाय नाव न घातलेली बाई दाखल करणार नाही. ताई दोनदा जाऊन भांडून आल्या होत्या. तिसऱ्यांदा जायचं राहिलं.