वजन घेऊन या!

सौंसर ते पांढुर्णा या टापूत माझ्या साडूंइतका मजबुतीच्या मागे लागलेला माणूस झाला नाही आणि होणारही नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान, मुक्काम सौंसर. आयटीआयमध्ये पोरांना टर्नरकाम शिकवण्यात उमर गेली, आणि निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात तेव्हा यांनी थ्रीडी प्रिंटर आणला. सोफा ओसरीत गेला आणि प्रिंटर बैठकीत बसला. साध्या प्लास्टिकला साडू नाक मुरडतात. त्यांना लागतं कार्बन फायबरचे बारीक तंतू मिसळलेलं नायलॉन. "साडूभाऊ, हे लोखंडाचा बाप आहे!" असं म्हणून ते त्या काळ्या तारेच्या रिळावरून गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवतात.

या रिळाला दमट हवा सोसत नाही. ओल लागली की तार छापताना तडतडते आणि वस्तू भुसभुशीत होते. म्हणून ताईंचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, तुरीच्या डाळीचा घट्ट झाकणाचा डबा रिळासाठी जप्त झाला, आणि साडू चपलांच्या दुकानांतून ओल शोषणाऱ्या पुड्या गोळा करू लागले. दुकानदार आता त्यांना पाहिलं की आधी पुड्या काढतो आणि मग विचारतो, "चप्पलही दाखवू का, सर?" घरातली साबणदाणी, पडद्याची कडी, झाऱ्याची मूठ, सगळं त्यांनी छापलं आणि सगळं काळं. पुतणीला लग्नात कुंकवाचा करंडासुद्धा काळाच दिला. तिची आई पाठवणीच्या आधीच रडली.

वस्तू झाली की तिची परीक्षा, आणि परीक्षा एकच: तिच्यावर उभं राहायचं. आमच्या नात्यागोत्यात माझ्याइतकं वजन कोणाचं नाही. त्यामुळे फोन येतो, "साडूभाऊ, मोठी जबर चीज बनवून राहिलो. वजन घेऊन या न!" मी पांढुर्ण्याहून बस धरतो आणि साबणदाणीवर चढतो. एकदा मला तिच्यावर एका पायावर उभं करून साडू आत चहा सांगायला गेले आणि मला विसरले. साबणदाणीला काही झालं नाही. माझा गुडघा मात्र आठवडाभर कुरकुरत होता.

मागच्या वर्षी ताईंना अर्धांगाचा झटका आला. बाकी सगळ्यातून त्या सावरल्या, पण उजवा हात गेला. दुपारी साडू शेजारी बसून संत्रं सोलायचे आणि एकेक फोड त्यांच्या तोंडात घालायचे. एक दिवस ताईंनी तोंड फिरवलं. "लेकरावानी भरवू नका मले. माह्या हातानं सोलून खायचं आहे."

साडूंनी त्याच दिवशी काम सुरू केलं. संत्रं धरून ठेवणारा पंजा, म्हणजे ताईंना एका हातानं सोलता येईल. पहिला पंजा इतका दणकट झाला की रस थेट भिंतीवरच्या कॅलेंडरवर उडाला.

"पंजा नाही मोडला पाहा!" साडू म्हणाले.

"पण संत्रं मोडलं न, बाप्पा!" ताई म्हणाल्या.

असे सात पंजे झाले. साडू प्रत्येक वेळी बोटं आणखी बारीक करत होते. "थोडं नरम पाहिजे," हे वाक्य त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

आठव्या पंजाच्या वेळी मी तिथेच होतो. ताईंनी रामाकोन्याहून आलेलं संत्रं त्यात बसवलं आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं साल उचकटायला घेतली. चांगला पाव तास लागला. मदतीला धावू नयेत म्हणून साडूंनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. शेवटी साल सुटली. ताईंनी पहिली फोड काढली आणि साडूंच्या तोंडापुढे धरली.

"गोड आहे काय?"

साडूंनी नुसती मान हलवली. काहीतरी गंमत करावी म्हणून मी पंजा जमिनीवर ठेवला आणि सवयीप्रमाणे त्याच्यावर चढायला पाय उचलला.

साडूंनी झडप घालून पंजा उचलला आणि आपल्या सदऱ्याला पुसला.

"नाही, साडूभाऊ," ते म्हणाले, "याले पाय नाही लावायचा."