साहेबांच्या सोयीची सावली

आमच्या मंडळाच्या सत्कारांची मला किळस आहे. का, ते सांगते.

भोपाळच्या कारखान्यात बाबा लेथवर टर्नर होते, राहायला आम्ही तिथल्याच टाउनशिपमध्ये. दीड हजार वर्षांपूर्वी एका ज्योतिर्विदाने ऐन तेविशीत लिहून ठेवलं की पृथ्वी स्वतःभोवती फिरते, आणि ग्रहण म्हणजे राहू-केतू नव्हे, नुसती सावली. पुढच्या पंडितांनी त्याला खोडून काढलं. बाबांना मात्र तो घरचाच वाटे. त्याच्या काळी सावली मोजायला वापरत तसा शंकू, म्हणजे एक सरळ सळई, त्यांनी मंडळाच्या मैदानात ओळंबा लावून रोवला होता. जूनच्या मध्यावर भोपाळमध्ये एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सळईची सावली नाहीशी होते. बाबा रिटायर झाले होते, महिनाअखेर क्वार्टर सोडायचं होतं. जाण्याआधी इथल्या माणसांना एकदा ते दाखवायचं, एवढीच त्यांची हौस.

त्यांनी मंडळात विषय काढला आणि चूक केली. लगेच कमिटी बसली, कारखान्याच्या मोठ्या साहेबांना बोलावणं गेलं. साहेबांनी संध्याकाळी पाचची वेळ दिली.

बाबा सेक्रेटरींना म्हणाले, “अहो, सावली दुपारी नाहीशी होते.”

“काका, टाइम साहेबांनी दिलाय ना. सावली काय, पाचला पण दिसेल. उलट लंबी दिसेल.”

बरं, आपण दुपारी आपलं पाहू, असं बाबांनी ठरवलं. शेजारपाजारच्यांनाही सांगून ठेवलं. त्या दिवशी साडेअकराला आम्ही मैदानावर गेलो, तर साहेबांना ऊन लागू नये म्हणून सकाळीच मांडव घातलेला. सळई मांडवाच्या मधोमध, तिला झेंडूची माळ. वरचं एक कापड अर्धा तास बाजूला करा, म्हणून बाबांनी हात जोडले. तंबूवाल्याने सेक्रेटरींकडे पाहिलं, सेक्रेटरींनी घड्याळाकडे. शेजारी थोडा वेळ थांबले आणि जेवायला घरी गेले.

पाचला साहेब आले. सळईला कुंकू लावलं, बाबांना शाल दिली. मग भाषणात म्हणाले की सूर्य पृथ्वीभोवती फिरतो, हे दीड हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या थोर विभूतीने जगाला प्रथम सांगितलं. मांडवभर टाळ्या पडल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. टाउनशिपच्या शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी माझा अर्ज पडून होता आणि सही साहेबांचीच लागणार होती.

मीही टाळ्या वाजवल्या.