कालिंदीचा उजवा हात

आमच्या करी रोडच्या चाळीत कुणी ‘कशा आहात?’ विचारलं, की ‘मजेत’ म्हणायचं असतं. अंगात सणसणून ताप असला तरी! पाहुण्यासमोर दुखणं उगाळायचं नाही, हे सासवांनी आम्हाला शिकवलं आणि आम्हीही मुकाट शिकलो. याच शिकवणीनं कालिंदीचा घात केला.

कालिंदी माझी शेजारीण. लालबागच्या एका टेलरकडे ब्लाऊजचं कटिंग करते. शिवणाऱ्या बायका वेगळ्या, पण कापडाला कात्री लावायची ती हिनंच. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या कात्रीवर चालतं. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेला ती चाळीच्या जिन्यावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. ऑपरेशन करून आत प्लेट बसवली. डॉक्टरांनी बजावलं, “दिवाळी होईपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही. लावलात तर बोटं कायमची अधू होतील.”

ऑपरेशनचा खर्च मेडिक्लेममधून निघाला. पण तोवर घरी बसून खायचं काय? तेव्हा तिला आठवलं, बँकेतल्या मुलीनं गळ्यात मारलेली अपघात विम्याची एक पॉलिसीही आहे. असली पॉलिसी माणूस मेल्यावरच उपयोगी पडते, अशी आम्हा सगळ्यांची ठाम समजूत. मी चष्मा लावून वाचायला बसले. आत चक्क लिहिलं होतं, की अपघातामुळे स्वतःचं नेहमीचं काम करता आलं नाही, तर तेवढ्या काळाची भरपाई मिळेल.

“कालिंदी, मरायची गरज नाही गो!” मी ओरडले. आम्ही पोट धरून हसलो आणि क्लेम टाकला.

गणपती गेल्यावर कंपनीचा माणूस चौकशीला आला. हेमचंद्र त्यांचं नाव. प्लास्टर नुकतंच उतरलं होतं, बोटं हलत होती, पण त्यांत जोर नव्हता. साहेब येणार म्हणून आम्ही बायकांनी तिची खोली लख्ख करून ठेवली. समोरची दर्शना लाडू घेऊन आली, चहा मी उकळला, आणि कालिंदीनं डाव्या हातानं ट्रे पुढे केला.

“कशा आहात?” साहेबांनी विचारलं.

“एकदम मजेत!” ही बया हसून म्हणाली. “लाडू घ्या ना, घरचेच आहेत.”

झालं! पंधरवड्यानं पत्र आलं. विमाधारक घरकाम व पाहुणचार व्यवस्थित करतात, प्रकृती उत्तम, सबब क्लेम नामंजूर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लाडू खाऊन वर हे! कालिंदीनं मात्र पत्र घडी घालून डब्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पदराआड हात लपवून कामाला निघाली. मी जिन्यात आडवी उभी राहिले.

“हात घालवायचाय काय?”

“मग काय रोज तुझ्याकडे जेवू?”

“जेव की! पण आधी त्यांच्याशी भांड. पाहुण्यापुढे हसलीस ना, आता त्यांच्या मोठ्या साहेबापुढे रड.”

“रडणार नाही,” ती म्हणाली. “भांडेन.”

आम्ही तक्रार केली. कंपनीच्या परळच्या ऑफिसातून बोलावणं आलं. टेबलापलीकडे हेमचंद्रांच्या वरिष्ठ नम्रता मॅडम, बाजूला स्वतः हेमचंद्र.

“मी मजेत आहे, असं तुम्हीच सांगितलंत ना?” मॅडमनी विचारलं.

“तुमच्याकडे पाहुणा आला की तुम्ही काय सांगता, मॅडम?”

मॅडमनी मान डोलावली. पण हेमचंद्र हटेनात. “बोटं हलताना मी स्वतः पाहिली. हात ठीक आहे.”

कालिंदी खुर्ची सरकवून त्यांच्याकडे वळली. “साहेब, मिसेसची एखादी भारीतली साडी असेल ना घरी?”

“आहे. येवल्याची पैठणी.”

“तिचं ब्लाऊजपीस उद्या घेऊन या. ह्याच हातानं कापते. तुम्हीच लिहिलंय ना, ठणठणीत आहे म्हणून? आणताय?”

“छे छे! पैठणी कशी...” बोलता बोलता साहेब थांबले आणि त्यांचे कान लाल झाले.

नम्रता मॅडमना हसू आवरेना. त्यांनी पॉलिसीतलं ‘नेहमीचं काम’ हेमचंद्रना मोठ्यानं वाचायला लावलं, डॉक्टरांचा दाखला फाइलच्या वर ठेवला आणि पुढच्याच आठवड्यात क्लेम मंजूर झाला. त्या संध्याकाळी आमच्या मजल्यावर वरातीतसुद्धा होत नाही एवढा गोंगाट झाला. कालिंदी दिवाळीभर घरी बसली, मनगटाचे व्यायाम करत आणि माझ्या चकल्यांना नावं ठेवत.

तुळशीचं लग्न आटोपलं आणि डॉक्टरांनी कात्री धरायला परवानगी दिली. कामाच्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम दुकानात जाऊन बसले होते. दुपारी दारात हेमचंद्र! हातात जांभळ्या पैठणीचं ब्लाऊजपीस.

“हात कसा आहे?” त्यांनी चाचरत विचारलं.

कालिंदीनं कापड पसरलं, खडूनं रेघ मारली आणि काठाला धक्का न लावता कात्री सरसर चालवली.

“एकदम मजेत!” ती म्हणाली. “अस्तर आणलंय ना?”