दाजींचा चार्ज

सोलापूरहून नाशिकची एसटी धरली तेव्हा माझा बेत साधा होता: गोदाघाट, देवदर्शन आणि झणझणीत मिसळ. पण भाचा दत्तू फोनवर म्हणाला, "मामा, आधी घोटीला या. मंग मी घावायचो नाय." म्हणून नाशिकला उतरून घोटीची गाडी पकडली. गाडीत डोळा लागला आणि थेट इगतपुरीलाच जाग आली. घाटमाथ्यावरच्या गार वाऱ्यात स्वतःलाच शिव्या घालत चहा घेतला आणि उलट गाडीनं मागे आलो.

घोटीत भाताची कापणी उरकली होती. राइस मिलींजवळ कोंड्याचा उबदार वास पसरला होता. न्यायला आलेल्या दत्तूच्या शर्टावर एक सुरकुती नव्हती. या माणसाचा रुमालही इस्त्रीचा असतो.

दत्तू फौजेत हवालदार. माझी बहीण गेली आणि पाठोपाठ दाजींना, म्हणजे त्याच्या वडिलांना, अर्धांगवायू झाला. घरी अशी अडचण आली की फौजेत अर्ज करून काही काळ घराजवळ नेमणूक मागता येते. कंपॅशनेट पोस्टिंग म्हणतात तिला. तशी त्याला देवळालीला मिळाली होती. दिवसा नोकरी, सकाळ-संध्याकाळ दाजी. अंघोळ घालणं, कूस बदलणं, खाटेवरून उचलून ओट्यावरच्या खुर्चीत बसवणं, सगळं तोच करी. कपाळावर आठी नाही की कुठं बोलून दाखवणं नाही. मला त्याचं फार कौतुक वाटतं.

आता ती मुदत संपली होती. दुसऱ्या दिवशी तो राजस्थानला निघणार होता. धाकटा विलास सातपूरच्या कारखान्यात असतो. सकाळी घरी राहता यावं म्हणून त्यानं दुसरी पाळी मागून घेतली होती. पण एकदा दाजी त्याच्या हातून निसटले होते. तेव्हापासून त्यानं हात लावला की ते अंग ताठ करत. आणि पडून राहिले तर पाठीला जखमा होतील, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

विलासच्या बायकोनं, मंदानं, नागलीच्या (नाचणीच्या) भाकरी आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी वाढली. मी लाज सोडून जेवलो.

सकाळी दत्तूनं फौजेच्या शिस्तीत चार्ज द्यायला घेतला. तिथं जाणारा एकेक वस्तू दाखवतो, येणारा ती बघून घेतो आणि 'मिळाली' म्हणतो. औषधं, काठी, भांडं, पाठीचं तेल. विलास प्रत्येकाला "मिळालं" म्हणत होता. शेवटी तो दाजींना उचलायला वाकला. दाजी ओरडले आणि चांगल्या हातानं त्यांनी दत्तूची कॉलर घट्ट धरली.

"आबा, सोडा ना. गाडी चुकंल," दत्तू म्हणाला.

माझ्यानं राहवलं नाही. "अरे, तू जातोयस हे त्यांना सांगितलंस का?"

मंदा हळूच म्हणाली, "कोणीच नाय सांगितलं, मामा. रडतील म्हनून."

सगळ्या वस्तूंचा चार्ज झाला होता, फक्त दाजींना कुणी विचारलं नव्हतं. दत्तू खाटेपाशी गुडघ्यावर बसला.

"आबा, मपली बदली झाली. लांब जायचंय. आता तुमचा चार्ज विलासकडं देऊ का?"

दाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मलाही आवरेना. मग त्यांची मूठ सैल झाली. हात चाचपडत विलासच्या खांद्यावर गेला आणि तिथं घट्ट बसला. वाकड्या तोंडानं ते म्हणाले, "दे."

विलासनं उचललं. दाजी या वेळी ताठले नाहीत. खुर्चीत नीट टेकल्यावर विलास भावाकडं वळून म्हणाला, "मिळाले."

माझं देवदर्शन राहिलं, मिसळही राहिली. परतीची वाट धरून दत्तूसोबतच नाशिकरोड स्टेशनवर आलो. फौजेसारख्या मोठ्या नोकरीत माणसाच्या घरच्या खाटेचाही विचार होतो, याचं मला बरं वाटत होतं. त्याहून बरं वाटत होतं ते या दोघा भावांमुळं.

फलाटावर दत्तूची कॉलर दिसली. पार चुरगळलेली. मी नीट करायला हात पुढं केला.

त्यानं माझा हात अलगद बाजूला केला. "ऱ्हाऊ द्या, मामा," म्हणाला, आणि गाडीत चढला.